एक वाजताची बाटली

१

फळीवर बारा महिन्यांच्या बारा वह्या असायला हव्या होत्या. होत्या अकरा. जानेवारी आणि मार्चच्या मधे चार बोटांची फट होती आणि फटीतली धूळ पुसलेली होती. चोरानं जाताना फडकं मारलं होतं. इतका टापटिपीचा चोर मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

मी पाण्याची तपासनीस, सरकारी. समोर सगळे मॅडम म्हणतात, पाठ वळली की ‘पाणीवाल्या बाई’. बाटलीबंद पाण्याचे कारखाने तपासणं हे माझं काम आणि ही सगळी जमात मला मनापासून नावडते, हे आधीच सांगून टाकते. जमिनीतून पाणी उपसायचं, चार नळ्यांतून फिरवायचं, बाटलीत कोंबायचं आणि वर बर्फाळ डोंगराचं चित्र डकवायचं. या कारखान्याच्या मागे डोंगर नाही, ट्रक धुवायचा हौद आहे.

पाच दिवसांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहात एकतीस जणी आजारी पडल्या. त्यांतली एक, सतरा वर्षांची, अजून अतिदक्षता विभागात होती. सगळ्या जणी इथलंच पाणी प्यायल्या होत्या, अकरा फेब्रुवारीला भरलेलं. आता जूनचा शेवट. मी कारखान्याला सील ठोकायला गेले तेव्हा मालकानं चार दिवसांची मुदत वरून मिळवून आणली होती. अशा लोकांच्या ओळखी फार, लाज कमी.

मालकाचं म्हणणं सोपं होतं. कायद्यानं रोजच्या मालातल्या सहा बाटल्या राखीव ठेवाव्या लागतात, सकाळच्या दोन, मधल्या दोन, संध्याकाळच्या दोन. पाण्याची मुदत संपेपर्यंत त्या कुलपात राहतात. अकरा फेब्रुवारीच्या सहापैकी तीन आमच्या प्रयोगशाळेनं तपासल्या होत्या आणि पाणी स्वच्छ निघालं होतं. म्हणजे घाण वसतिगृहात झाली, कारखान्यात नाही. आता त्यांची केमिस्ट पोरगी म्हणते की तो माल मी फेब्रुवारीतच रोखला होता. रोखला असता तर वहीत लिहिलं असतं. वही कुठाय? तिनंच पळवली, पगारवाढ नाकारल्याचा राग काढायला.

“ताई, पाच वाजेपर्यंत तुमचा अहवाल द्या,” मालक म्हणाला. “सव्वापाचला पोलीस येतायत तिला न्यायला.”

मी याची ताई कधी झाले देव जाणे. घड्याळात साडेअकरा झाले होते.

२

केमिस्ट प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, डोळे रडून झालेले. आई-वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. परवाना गेला तर तिला पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत उभं करणार नव्हते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तिनं सगळं एका दमात सांगितलं. अकरा फेब्रुवारीच्या पाण्यात दोन दिवसांनी हिरवट ठिपके वाढले. तिनं वहीत लाल शाईनं ‘माल रोखा’ असं लिहिलं, गोदामातल्या थप्प्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या, साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो. उन्हाळा तापला, मागणी वाढली, गोदाम रिकामं झालं. चिठ्ठ्या कुणी काढल्या, तिला माहीत नाही.

“तुझ्याकडे एखादा फोटो, एखादी नक्कल?” मी विचारलं.

“नाही मॅडम. मी वहीत लिहिलं होतं. वहीत लिहिलं की झालं, असं मला वाटलं होतं.”

मला तिचा राग आला, खरं सांगते. शिकलेली पोर, आणि या असल्या कारखान्यात कागदावर विसंबून घरी गेली.

ती ज्यांना साहेब म्हणत होती ते म्हणजे मालकाचे जावई. हुद्दा गुणवत्ता व्यवस्थापक. कामगार त्यांना ‘फाईलवाले’ म्हणत. वरच्या मजल्यावर त्यांची काचेची खोली, आणि काच रस्त्याकडे. यंत्रांकडे तोंड असलेली भिंत फायलींच्या कपाटांनी भरलेली. प्रत्येक फाईलच्या पाठीवर छापील पट्टी, पट्टीवर रंगीत ठिपका. हा माणूस बोलताना माझ्याकडे न बघता फायलींकडे बघत होता. तिनं आपल्याला काहीही सांगितलं नव्हतं, असं त्यानं मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा शब्द तेच होते. पाठ केलेलं बोलणं मला लगेच कळतं, कारण मंत्री आले की आमचं खातंही तसंच बोलतं.

मग तो घड्याळ बघून उठला. साडेबारा झाले होते आणि तो जेवायला सासऱ्यांकडे जायचा. एकतीस मुली आजारी असोत नाहीतर तीनशे, जावईबापूंचं पान साडेबाराला वाढलेलं असायचं.

३

राखीव बाटल्यांचं कपाट पत्र्याच्या छपराखाली होतं, आत भट्टी. अकरा फेब्रुवारीच्या उरलेल्या तीन बाटल्या समोरच होत्या. मी त्या हातात घेतल्या, खाली ठेवल्या, पुन्हा घेतल्या. काहीतरी खटकत होतं. शेजारची दहा तारखेची बाटली उचलली आणि कळलं. दहा तारखेच्या बाटलीचे गाल जरा आत गेले होते. अकराच्या बाटल्या मात्र लग्नाला निघाल्यासारख्या टवटवीत.

प्लास्टिकची बाटली कितीही बंद असली तरी पाणी तिच्यातून फार हळू, वाफ होऊन, बाहेर जात राहतं. डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्याला दिसतं. मी केमिस्टला तिचा काटा घेऊन बोलावलं. आठ, नऊ, दहा, बारा, तेरा फेब्रुवारी, सगळ्या तारखांच्या बाटल्या नव्या भरलेल्या बाटलीपेक्षा पाच ते सात ग्रॅमनं हलक्या भरल्या. अकराच्या तिन्ही अगदी भरल्या वजनाच्या.

म्हणजे या बाटल्या फेब्रुवारीतल्या नव्हत्याच. मुली आजारी पडल्यावर कुणीतरी ताजं पाणी आणून वर जुनी तारीख छापली होती. आमच्या प्रयोगशाळेनं मोठ्या इमानेइतबारे चार दिवसांचं पाणी तपासून ते स्वच्छ असल्याचा दाखला दिला होता. आमच्याही अकलेचं काय सांगावं.

मी खूश झाले. पोरगी सुटली असं मला वाटलं. मालकाला बोलावून काटा दाखवला. त्यानं काट्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ताई?” तो म्हणाला. “तिच्याच खिशात. फेब्रुवारीत हिनं न तपासताच माल सोडला. मुली आजारी पडल्यावर घाबरली, बाटल्या बदलल्या, वही लपवली. मी उगाच हिला फक्त चोर म्हणत होतो.”

मी तिच्याकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. मगाशी तिच्यावर एका वहीचा आळ होता. आता माझ्या काट्यानं तिच्यावर एकतीस मुली घातल्या होत्या.

४

मी खाली यंत्रांपाशी गेले. तिथला राजा म्हणजे मिस्त्री, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, कपाळावर कायमची आठी. सरकारी माणूस दिसला की याचं तोंड शिवलेलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

बाटल्या बदलणं अवघड नव्हतं, एवढं त्याच्याकडून कळलं. शाई संपली की काही बाटल्या बिनतारखेच्या निघतात, त्या छापयंत्राशेजारी क्रेटमधे पडून असतात. त्यांतल्या सहा उचलायच्या आणि यंत्रात हवी ती तारीख, हवी ती वेळ घालायची. यंत्र छापून देतं आणि लक्षात काही ठेवत नाही. हे त्याला येतं, केमिस्टला येतं, साहेबांना येतं, कारण यंत्र आलं तेव्हा तिघांनाही शिकवलं होतं. कपाटाची दुसरी किल्ली वर कार्यालयात खिळ्याला टांगलेली. गेल्या रविवारी कारखाना बंद होता. कोण आलं, कोण गेलं, पहारेकऱ्यानं पाहिलं नाही. पहारेकऱ्यानं आजवर काही पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बोलता बोलता अचानक सगळा खडखडाट थांबला. पट्टा थांबला, पंप थांबले, माझ्याच कानांत घुंई झाली. मी दचकले.

“एक वाजला,” मिस्त्री म्हणाला. “अर्धा तास जेवण. बारा वर्षं हेच चालू आहे.”

पंधरा-वीस माणसं उलट्या क्रेटवर बसली, डबे उघडले. प्रत्येकानं पाणी घरून आणलं होतं, जुन्या बाटल्यांतून. इथलं पाणी का पीत नाही, असं मी एकाला विचारलं. तो नुसता हसला.

मी वर कपाटापाशी परत गेले आणि या वेळी वजन न बघता बाटल्यांच्या मानेवरची छापील वेळ वाचत बसले. पाच महिन्यांच्या मधल्या बाटल्या, एकेक करून. मग केमिस्टला विचारलं की अकरा फेब्रुवारीच्या खऱ्या बाटल्यांचं पुढं काय झालं असेल. ती म्हणाली, पाणी ओतून दिलं असेल. आणि बाटल्या? तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. इथल्या सगळ्या कचऱ्याची वाट एकच होती.

५

मागच्या गल्लीत प्लास्टिक वेगळं करायचं आवार होतं. माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग, गठ्ठे, एक कातरयंत्र आणि मधोमध चटईवर बसलेली आक्का. साठीची बाई. बाटली हातात आली की बूच एकीकडे, लेबल दुसरीकडे, बाटली तिसरीकडे, आणि डोळे भलतीकडेच. देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा तिला बाटलीतलं जास्त कळत होतं, आणि तिच्याकडे आजवर कुणी सल्ला मागायला आलं नव्हतं.

मी विचारलं, कारखान्याच्या मालात या आठवड्यात काही वेगळं आलं का. आक्का म्हणाली, आलं की. कारखान्यातून दोन तऱ्हेची पोती येतात. खालचं पोतं खराब बाटल्यांचं, त्यांवर लेबल नसतं. वरचं पोतं कार्यालयाचं, त्यात कागदी कप, फायलींचे पुठ्ठे आणि साहेब लोकांच्या बाटल्या.

“बाई, साहेब माणूस कधी बाटली संपवत नाही,” आक्का म्हणाली. “दोन घोट घेतो आणि टाकून देतो. त्या पोत्यात सहा बाटल्या ठणठणीत रिकाम्या निघाल्या. वर बूच घट्ट लावलेलं. मी म्हटलं, कुणाला एवढी तहान लागली?”

तिनं त्या बाजूला टाकल्या होत्या. का, तर नवल म्हणून. दुपारी गप्पांत दाखवायला. ढिगामागच्या टोपलीतून तिनं त्या काढून दिल्या. सहाही चेपलेल्या, सहांवरही अकरा फेब्रुवारी. बूच घट्ट असल्यामुळे आत अजून ओल होती, आणि त्या ओलीला आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत तोंड फुटणार होतं.

मी मानेवरच्या वेळा वाचल्या. सकाळी दहा वाजून चार मिनिटं. दुपारी पावणेचारच्या आसपास. आणि मधल्या दोन, बारा वाजून सेहेचाळीस.

आक्काला मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक मी तिचा हात धरून हलवला असावा, कारण ती जरा घाबरलेली दिसली.

६

चार वाजता मी सगळ्यांना काचेच्या खोलीत जमवलं. मालक खुर्चीत, फाईलवाले त्यांच्या कपाटाला टेकून, मिस्त्री दारात, केमिस्ट भिंतीशी. मी कारखान्याची कार्यपद्धती विचारायची आहे असं सांगितलं, आणि फाईलवाल्यांचा चेहरा खुलला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या आवडीचा विषय काढला होता.

“राखीव बाटल्या किती वाजता काढता?”

“सकाळी दहा, दुपारी एक आणि चार,” ते ताडकन म्हणाले. “दर तीन तासांनी. लेखी आहे.”

दारात मिस्त्री खाकरला. केमिस्टनं मान वर केली.

“एक वाजता मशीन बंद असतं,” ती म्हणाली. अगदी हळू, कुणाला दुरुस्त करावं की नाही अशा आवाजात. “मी मधल्या बाटल्या पावणेएकच्या सुमाराला काढते. पहिल्या दिवसापासून.”

मी कपाटातली बाटली टेबलावर ठेवली. कपाटातल्या पाच महिन्यांच्या मधल्या बाटल्यांवर बारा चाळीस ते बारा पंचावन्न यांमधलीच वेळ होती. सगळ्या कपाटात एकच बाटली अशी होती की जिच्यावर एक वाजल्याचा शिक्का होता. ही. आमच्या प्रयोगशाळेनं नेलेली तिची जोडीदारीणही एक वाजताचीच होती, हे मी फोन करून विचारलं होतं.

आता ही कुणी छापली ते बघू, मी म्हणाले. केमिस्टनं छापली असती तर पावणेएक छापलं असतं, हात बसलाय तिचा. मिस्त्रीनं एक कधीच छापलं नसतं, एक वाजता तो डबा उघडतो. मालकांना छापयंत्र कुठल्या बाजूनं चालू होतं तेही माहीत नाही. इथं एकच माणूस असा आहे की ज्याला छापायला येतं, पण जो कारखाना फक्त फायलीतून ओळखतो. खाली वीस माणसं दुपारी जेवतात, हे ज्याला आजतागायत ठाऊक नाही, कारण त्या वेळी तो स्वतः जेवत असतो. आणि खऱ्या सहा बाटल्या मिळाल्या त्या याच मजल्याच्या कचऱ्यात.

फाईलवाल्यांनी टेबलावरची बाटली उचलून तिच्यावरची वेळ वाचली. त्यांना पकडलं गेल्याचं दुःख झालेलं मला दिसलं नाही. त्यांच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. “रोज बंद ठेवता?” त्यांनी मिस्त्रीला विचारलं. “अर्धा तास?”

मालकानं सासऱ्याच्या आवाजात एवढंच म्हटलं, “जावईबापू, वही आणा.”

वही गाडीच्या डिकीत होती. फाडली नव्हती, जाळली नव्हती. असला माणूस एकतीस मुलींच्या घशात घाण ओतेल, पण कागद फाडायचा म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. उलट वहीच्या पाठीवर त्यानं नवी छापील पट्टी लावली होती. अकरा फेब्रुवारीच्या पानावर लाल अक्षरात लिहिलं होतं, माल रोखा. त्याखाली निळ्या शाईत ‘पाहिले’ आणि जावईबापूंची सही. या एका शब्दापायी एवढा सगळा खटाटोप. मागणी वाढली तेव्हा त्यानंच चिठ्ठ्या काढायला लावून माल सोडला होता, आणि सोडताना आपण ‘पाहिले’ लिहिलंय हे विसरला होता.

केमिस्टनं ते पान हातात घेतलं आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मालक तिला पाणी द्यायला निघाला, मग बाटलीकडे बघून थांबला. मिस्त्रीनं स्वतःची घरची बाटली पुढं केली.

मला तेव्हा निघून जायला हवं होतं. अहवाल डोक्यात तयार होता, आणि तिरस्कार करायला समोर एवढा चांगला माणूस होता. पण फाईलवाल्यांना गप्प राहवेना. त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाईल ओढली, पान उघडलं आणि माझ्यापुढं आपटलं.

“मी मनानं केलेलं नाही,” ते म्हणाले. “दुपारी एक, असंच लिहिलंय. ही पद्धत मंजूर आहे.”

केमिस्ट डोळे पुसत पुढं वाकली. पानाच्या तळाशी चार वर्षांचे चार शिक्के होते, ‘प्रत्यक्ष पाहणी करून मंजूर’, आणि प्रत्येक शिक्क्यावर सही. तिनं ती सही वाचायचा प्रयत्न केला. ती वाचता येण्यासारखी नव्हतीच, घाईत केलेली होती.

“मॅडम, ही कुणाची?”

मी चार वर्षं इथं येत होते. दर वेळी सकाळी अकराला, दर वेळी याच खोलीत, याच खुर्चीवर. चहा व्हायचा, फाईल व्हायची, बाराला मी गाडीत. यंत्रांपाशी मी आज पहिल्यांदा उभी राहिले होते, आणि तेही एक मुलगी दवाखान्यात पडली म्हणून. एकदा जरी खाली उतरले असते तर गोदामातल्या लाल चिठ्ठ्या मला दिसल्या असत्या. मार्चमधे त्या थप्प्यांवरच होत्या. मार्चमधे मी आले होते.

“माझी,” मी म्हणाले.

तिच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं, कारण सकाळपासून मी तेच घेऊन या इमारतीत फिरत होते.

मी खुर्चीत बसले आणि अहवाल लिहायला घेतला. दोषी व्यक्ती, या मथळ्याखाली पहिलं नाव जावईबापूंचं लिहिलं. दुसरं मालकाचं. तिसरं लिहायला वेळ लागला. केमिस्ट माझ्या खांद्यामागे उभी होती आणि ते पूर्ण होईपर्यंत हलली नाही.